अकोल्याला गेलेली इरकल

रविवारची दुपार आहे. हेमलता जेवणाची भांडी तशीच ठेवून शिलाईच्या खोलीत चटईवर आडवी होते. झोपायचं नाहीये हं, नुसती पाठ टेकायची आहे, असं ती स्वतःला बजावते. असं बजावून आडवी झालेली माणसं थेट दिवेलागणीला उठतात हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, पण बाईला खरंच झोप नकोय. गेला आठवडाभर तिला डोळे मिटायचीच धास्ती वाटते.

धास्तीचं कारण तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचं? विट्याच्या एका शाळेत ती क्लार्क होती. शाळा सुटली की गोधड्या शिवायची. कुणाची आई गेली, आजी गेली, की लोक त्यांच्या साड्यांचं गाठोडं हिच्याकडे कुरियरनं पाठवायचे आणि ही त्याच साड्यांची गोधडी करून परत धाडायची. दुकान नाही, पाटी नाही, सगळा व्यवहार फोनवर. तिच्या आईनं एक रीत घालून दिली होती, की हातातल्या गोधडीला शेवटचा टाका पडल्याशिवाय दुसऱ्या गाठोड्याची गाठ सोडायची नाही. काम फावल्या वेळेतलं होतं तोवर हेमलतानं ती इमानानं पाळली.

मग गाठोडी वाढली. आता यावरच पोट भरायचं म्हटल्यावर एकेक गोधडी कुठे कुरवाळत बसणार? तिनं सगळी गाठोडी एकदम सोडली, सगळ्या साड्या एकदम फाडल्या, रंगांप्रमाणे पट्ट्यांच्या चळती लावल्या आणि गल्लीतल्या दोन बायका शिवायला बसवल्या. काम भराभर उरकायला लागलं. अकोल्याच्या एका मुलीची गोधडी गेली आणि तिचा निरोप आला, की आई गेल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली, गोधडीला आईचा वास येतोय. हेमलतानं तो निरोप आपल्या फोनवरच्या दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावला. लोक वाचून रडले आणि गाठोड्यांची रीघ लागली. त्या जोरावर बाईंनी शाळेत राजीनामा दिला. तिच्या जागेवर नवा माणूस रुजूसुद्धा झाला.

आणि मग गडहिंग्लजच्या कुरण्यांची गोधडी शिवायला घेतली. त्यांच्या लेकीनं आईचा फोटो पाठवला होता. फोटोतल्या हिरव्या इरकलीचा काठ एक, हातातल्या पट्टीचा काठ दुसराच. हेमलताला आठवलं, हिरवी इरकल अकोल्याच्या गाठोड्यातही होती. म्हणजे अकोल्याची पोरगी जिला आई म्हणून छातीशी धरते, ती कुरण्यांची आई. हे बाहेर फुटलं तर कोण आपल्या आईची साडी हिच्या हातात देईल? धंदा बसणार, आणि नोकरी तर गेलीच. म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं, हातातल्या अकोल्याच्या पट्ट्या कपाटात कोंबल्या आणि ठरवलं, सोमवारी त्यांचीच गोधडी शिवून गडहिंग्लजला लावून द्यायची.

मशीन वाजतंय. रविवारचं कोण आलं शिवायला, असं मनात म्हणत हेमलता मान वळवते. मशीनवर कुणी नाही, पायडल आपलं आपण हलतंय. तिच्या पायथ्याशी एक बाई पाठमोरी बसली आहे, साठीच्या पुढची, अंगात नुसती चोळी आणि परकर. दोन्ही हातांनी तिनं स्वतःला झाकून घेतलंय.

"माझं लुगडं दे," बाई म्हणते. मागे वळून बघत नाही.

हेमलताला विचारायचं असतं, कोण हो तुम्ही? पण तोंडातून निघतं ते रोज फोनवर बोलायची सवय झालेलं. "काम चालू आहे ताई. याच आठवड्यात पोचतं करू."

"मी कुरण्यांची इंदू. गडहिंग्लजची. लेकीच्या लग्नात नेसलेली इरकल हाय ती. उघड्यानं किती दिस बसू?"

हेमलता उठून दाराकडे धावते, पण दाराबाहेर अंगण नाही, शाळेचं ऑफिस आहे. तिच्या खुर्चीवर नवा क्लार्क खाली मान घालून बसलाय. ती त्याला काकुळतीला येऊन सांगते, की बाबा रे, जरा ऊठ, माझी जागा आहे ती, मी राजीनामा परत घेते. तो मान वर करतो. त्याचे ओठ हिरव्या दोऱ्यानं एकमेकांना शिवलेले आहेत. टाके बारीक, सरळ, एका अंतरावर. असले टाके विट्यात एकटी हेमलता घालते.

फायलींच्या जागी फळीफळीवर घडी घातलेल्या गोधड्या आहेत आणि त्या सावकाश वर-खाली होतायत. हेमलता बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करते. भिंतीपाशी पलंग आहे. पलंगावर एक तरुण मुलगी हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून झोपली आहे, आणि हनुवटीपाशी हिरवी पट्टी आहे. हे अकोला, असं हेमलताला कुणी न सांगता कळतं. मुलगी झोपेतच पुटपुटते, "आई."

"ओ," हेमलताच्या कानाशी इंदूबाई म्हणते.

तिचा श्वास कानाला लागत नाही, हे हेमलताला सगळ्यात आधी जाणवतं.

"रोज हाक मारती. परक्याची असली तरी पोरच हाय, म्हणून मी ओ देते," इंदूबाई म्हणते. "पण माझी लेक तिकडं दार लावून हाक मारती बघ. तिला ओ देता येत न्हाई मला इथनं."

हेमलता हात जोडते. आणि भीतीनं माणूस काय काय बोलतं बघा, ती चक्क समजूत घालायला लागते, की या मुलीला किती दिवसांनी झोप लागतेय, खरं सांगून तिची झोप मोडायची का, पाप लागेल.

"ती झोपती गं," इंदूबाई म्हणते. "मी झोपत न्हाई."

तेवढ्यात कपाट वाजतं. हेमलताचंच कपाट, विट्यातलं, इथं पलंगाच्या उशाशी उभं आहे. आतून कुणीतरी बोटाच्या पेरानं दारावर टकटक करतंय. जोरात नाही, शेजारीण भरदुपारी दार वाजवते तशी, घरातलं कुणी झोपलं असेल म्हणून जपून. हेमलताला तो आवाज सहन होत नाही.

"ती हिची आई," इंदूबाई पलंगाकडे हनुवटी करून सांगते. "लेकीची हाक ऐकू येती तिला. बाहेर येता येत न्हाई."

हेमलता कपाटाची कडी ओढते. कडी हातात येते, दार उघडत नाही. टकटक चालूच. मागून इंदूबाई तिचा पदर धरते, आपल्या वितीनं मापते, आणि आता तिच्या हातात हेमलताची मोठी कात्री आहे. हेमलता पदर सोडवायला बघते, पण त्या थंड हाताला काही हिसका बसत नाही. तिला वाटतं, आता ही साडीपाशी थांबणार नाही.

"तवर तुझं नेते," इंदूबाई म्हणते. कात्रीचा करकर आवाज होतो.

हेमलता घामानं निथळत उठून बसते. खोलीत ऊन आहे, मशीन बंद आहे, बाहेर भंगारवाला ओरडत चाललाय. देवा, स्वप्नच ते, असं म्हणत ती घाम पुसायला पदर ओढते, आणि तिचा हात थांबतो. पदराला टोक नाही. एका बाजूनं पट्टी कापून नेलेली आहे, वीतभर रुंद, अगदी सरळ, आणि कापलेल्या कडेचे धागे अजून मोकळे लोंबतायत. चटई उचलून बघते, मशीनखाली बघते, चळतींमध्ये हात घालून बघते. पट्टी कुठेच नाही.

ती कपाटाकडे बघायचं धाडस करत नाही. तिथंच बसून गडहिंग्लजचा नंबर लावते. आपलं दुकान, राजीनामा, लोक काय म्हणतील, सगळं तिला आठवतं आणि तरी ती फोन ठेवत नाही. पलीकडून कुरण्यांची लेक फोन उचलते आणि आधी हेच विचारते, की झाली का आईची गोधडी.

"नाही झाली ताई," हेमलता म्हणते. "माझ्या हातून चूक झाली. तुमची आई अकोल्याला गेली आहे, दुसऱ्याच एका मुलीकडे. मी स्वतः जाऊन आणते."

आता ही शिव्या देणार म्हणून हेमलता डोळे मिटून घेते. पण कुरण्यांची लेक अगदी हळू आवाजात विचारते, "बरी आहे का ती तिथं?"

"नाही हो," हेमलता म्हणते. "तिथं तिला झोप नाही."