आधी एसएमपीएस, मग दिवे

"लाइटवालं कॅबिनेट मी देणार नाही," मी म्हटलं.

"मावशी, हे दुकान शे का देऊळ?" हिंमतभाऊ म्हणाले. "गिऱ्हाईक मागतंय ते द्या ना."

"गिऱ्हाईक तुम्ही नाही, तुमची पोर आहे. पैसे तिचे आहेत."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच तर उभं राहू दिलंय."

माझा मुलगा विलास काउंटरच्या आतून म्हणाला, "आई, चालशे. देऊन टाक." गुजरातेत, डिंडोलीत जन्मलेला पोरगा, आईवर वैतागला की गुजराती होतो.

कोमल आम्हा तिघांच्या मध्ये उभी होती, हातात पार्ट्सची घडी घातलेली यादी. दोन वर्षं ही पोर कॉलेज करून घरी साड्यांवर चमक्या चिकटवते. त्या पैशांतून तिला गेमिंगचा कंप्युटर घ्यायचा होता. बापाने परवानगी दिली, पण अट घालून: एकदाच. बिघडला तर भंगारात, नि पुन्हा घरात कंप्युटरचं नाव काढायचं नाही.

म्हणजे पार्ट निवडायची संधी एकच. आणि हे दोघे दिवे बघत होते.

अशी भांडणं आमच्या दुकानात लूमखालच्या कचऱ्यासारखी साठतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढीच. काही मात्र टाकवत नाहीत.

*

नवीन माणूस आधी मलाच तपासतो. "आजी, तुम्ही हे कुठे शिकलात?"

शाळा चौथीपर्यंत, धुळ्याकडच्या गावात. एबीसीडी शिकले ती पार्ट्सच्या खोक्यांवरून. बाकीचं एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात. तिथल्या कंप्युटरवाल्या मशीनचं कार्ड जळालं की कारागीर तीन दिवसांनी यायचा, नि तेवढे दिवस आमची हजेरी बुडायची. एकदा मीच मागचं झाकण उघडलं. बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधलं, त्याच खाचेचं कार्ड काढून यात बसवलं. सुया चालायला लागल्या.

शेठ धावत आला. "बेन, हात लावायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "परत बंद करू का?"

*

नवागामचा संतोष लूमवर आहे. त्याने ऑनलाइन सेलमध्ये एकेक पार्ट घेतला. प्रत्येक पार्ट सगळ्यात स्वस्त, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. रॅमची खाच एकीकडे, मदरबोर्डचा दात दुसरीकडे. आणि हा माझ्या काउंटरवर अंगठ्याने रॅम दाबतोय, चपातीचा गोळा दाबावा तशी. मी हातावर चापट मारली. रॅम बदलून आणायला लावली.

मग ग्राफिक्स कार्ड निघालं कॅबिनेटपेक्षा तीन बोटं लांब.

"चव्वेचाळीस इंची पन्ह्याच्या मागावर अठ्ठावन्न पन्ह्याचं कापड निघेल का रे?"

त्याला लगेच कळलं. मान खाली घालून गेला. कार्ड बदलून आणेल असं मला वाटलं. चार दिवसांनी फोटो दाखवायला आला. पत्र्याच्या कात्रीने कॅबिनेटचा पुढचा भाग कापला होता नि कार्डाचं टोक बाहेर काढलं होतं.

"गेम चालतो?"

"मख्खन, आजी."

"ते टोक गरम होतं का?"

"होतं ना. आई त्यावर माझे मोजे वाळवते."

*

आता हिंमतभाऊंचाच किस्सा. माणूस लूमच्या खात्यात जॉबर, तीस वर्षं माग दुरुस्त करतोय. कोमलच्या मामेभावाला मी कंप्युटर जुळवून दिला होता. त्याचा पंखा आवाज करायला लागला. पोरगा बाहेर गेलेला. हिंमतभाऊ पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी खिशातली तेलाची कुप्पी काढली.

पंख्याला दिलं, इथवर ठीक. पण मागाला तेल देणारा हात एका जागी थांबत नाही. जिथे जिथे दोन वस्तू एकमेकींत बसलेल्या दिसल्या, तिथे तिथे एकेक थेंब. रॅमला सुद्धा.

शेजारी लूम, हवेत रुई. पंधरा दिवसांनी मशीन माझ्याकडे आलं, तेव्हा आतून मी चक्क गोधडी काढली.

"हे काय करी टाकं भाऊ?" बरोबर आलेल्या हिंमतभाऊंना मी विचारलं.

"मावशी, माझ्या हातचा एक माग अजून अडला नाही," छाती काढून म्हणाले.

तेव्हापासून मी प्रत्येक कॅबिनेटला ड्रेसच्या जाळीचं कापड शिवून लावते. आठवड्याला काढायचं, झटकायचं, परत लावायचं. विलास हसला होता, "आई, कंप्युटरला ओढणी?" आता गिऱ्हाइकं रंग निवडतात.

*

पण एक गोष्ट हसायची नाही. संतोषने दुसरं मशीन घेतलं तेव्हा मी भाच्याच्या लग्नाला गेले होते. विलासने त्याला काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दिलं, आणि बजेटमध्ये बसावं म्हणून हलका एसएमपीएस. एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज वाटणारा डबा. बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळे काटकसर तिथेच करतात.

महिन्याभरात तो डबा फुटला. जाताना मदरबोर्ड घेऊन गेला, कार्डही घेऊन गेला. संतोष मशीन साडीच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आला. भांडला नाही. "आजी, वास घ्या," एवढंच म्हणाला.

विलासने त्याला सगळं भरून दिलं, हे खरं. माझ्याच पोटचा आहे. पण दिव्यांचं वेड काही गेलं नाही.

*

तर त्या दिवशी मी काउंटरवर दोन ढीग मांडले. एकीकडे दिवे आणि हलका डबा. दुसरीकडे काळं साधं कॅबिनेट आणि जड डबा, ज्यावर पुढे मोठं कार्डही चालेल. म्हटलं, या बजेटमध्ये दोन्हीतलं एकच बसतं.

"हिंमतभाऊ, माग घेताना तुम्ही मोटर बघता की रंग?"

 ते आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, चाळीतले सगळे बघायला येतील. माझ्या पोरीनं कमाईनं घेतलंय. साध्या काळ्या डब्यात काय दिसणार त्यांना?"

मी दिव्यांचं कॅबिनेट परत जवळ ओढलं. विलास माझ्या तोंडाकडे बघत राहिला; असं त्याने फारसं पाहिलेलं नाही.

कोमलने यादी काउंटरवर ठेवली. दोन्ही डबे दोन हातांत घेऊन वजन पाहिलं. हलका खाली ठेवला, आणि बापाकडे वळून म्हणाली, "पप्पा, चमक्या मी दोन वर्षं चिकटवतेय, आज मला कापड घ्यायचंय."