बत्ता पडला की बाहेर पळायचं

माझ्या फजित्या तशा पुष्कळ आहेत, पण अख्ख्या चाळीला मैदानात उभं करून केलेली ही एकच. कुठून सुरू करू? आजही आकुर्डीत कुणी जुना माणूस भेटला, तर माझी तब्येत विचारत नाही. "काय राव, जमीन काय म्हणतीय?" असं विचारतो!

कोयनेचा भूकंप होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. आमची चाळ म्हणजे खोल्यांची एक लांब ओळ. भिंती दगडमातीच्या, वर कौलं. मालक गावातले जुने शेतकरी, भाडेकरू आम्ही सगळे कंपन्यांतले. कुणी बीडचं, कुणी साताऱ्याचं, मी नगरकडचा. भूकंपाची भीती अजून कुणाच्या अंगातून गेली नव्हती. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला तरी बायका पोरं उचलून बाहेर यायच्या. आणि बाहेर येऊन उभ्या कुठं राहायच्या? कौलांच्याच खाली!

मग मी ठरवलं, आपण भूकंप कमिटी काढायची. मीच का? कारण कंपनीनं मला प्रथमोपचाराचं एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं होतं. एका दिवसात मी पट्टी बांधायला शिकलो आणि दुसऱ्या दिवसापासून जखमी माणूस शोधायला लागलो. असा उत्साही माणूस दिसल्यावर लोकांनी मला अध्यक्ष करून टाकलं. दुसरं कुणी तयारच नव्हतं, हे कारण गौण समजा.

कामं मात्र नेटानं केली हो. चाळीच्या टोकाला रुळाचा तुकडा टांगला. तो वाजला की चुली-शेगड्या विझवायच्या, पोरांना धरायचं आणि समोरच्या मोकळ्या मैदानात जाऊन बसायचं. मालकांची म्हातारी आई, गंगूआजी, गुडघ्यांनी अधू. तिला बाहेर आणायला शेजारचे गायकवाड आणि मी.

पण भूकंप आला हे कळणार कसं? त्यावर मी स्वतःच्या डोक्यानं एक यंत्र काढलं. घरातल्या फळीवर तीन डबे एकावर एक, सगळ्यात वर खलबत्त्याचा लोखंडी बत्ता उभा, आणि खाली जमिनीवर पितळेची परात. जमीन हलली की बत्ता परातीत!

"आणि मी वेलदोडे कशानं कुटू?" बायकोनं, सुमननं विचारलं.

"वेलदोडे महत्त्वाचे का माणसांचे जीव?"

"वेलदोडे रोज लागतात," ती म्हणाली.

तर त्या दिवशी गायकवाडांकडे त्यांच्या शकूला बघायला पाहुणे आले होते. मुलाकडचे पाटण भागातले, कोयनेजवळचे. मुलगा चिंचवडला नोकरीला, आईवडील गावी. गायकवाड सकाळपासून घामाघूम. याआधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, त्यामुळे त्यांनी मला बजावलं होतं, "भाऊ, चार शब्द बरे बोलायला तुम्ही बसा आमच्याकडून." मी पहिली पाळी करून आलो, इस्त्रीचा शर्ट चढवला, केस विंचरले. आता विजार घालणार, तेवढ्यात…

ठण्णऽऽ!

बत्ता परातीत! पायाखाली जमीन थरथरली. स्वप्नात नाही, खरोखर थरथरली! फळीवरची भांडी किणकिणली.

मी तसाच धावलो आणि रूळ बडवायला सुरुवात केली. "भूकंप! बाहेर पडा! कौलांखाली थांबू नका!"

आणि खरं सांगतो, चाळ अशी बाहेर आली की मला भरून आलं. गायकवाडांचे पाहुणेही आले. नवरामुलगा हातात पोह्यांची बशी घेऊन पळत होता. त्याचे वडील मात्र सगळ्यांच्या पुढे जाऊन मैदानाच्या मधोमध बसले. चेहरा पांढराफटक.

मी आणि गायकवाड गंगूआजीकडे धावलो. आजी चुलीपुढं.

"आजी, चला, भूकंप!"

"म्या न्हाई यायची. भाकर तव्यावर हाय."

"अहो, छप्पर पडेल!"

"पडूं दे. लई वर्सं झाली त्येला."

शेवटी खाटेवर बसवून उचललं तिला. आजीच्या हातात उलथनं होतं. ते तिनं वाटभर माझ्याच डोक्यावर का वापरावं, गायकवाडही होते की शेजारी!

जमिनीचं चालूच होतं. धप्प… धप्प… धप्प… मग जरा शांत. मग पुन्हा धप्प.

"हे मागून येणारे धक्के आहेत," मी जाहीर केलं. "कुणी घरात जायचं नाही!" आणि बादली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. ज्या शेगड्या गडबडीत पेटत्या राहिल्या होत्या, त्यांवर पाणी ओतलं. गायकवाडांच्या शेगडीवर पाहुण्यांचा चहा होता. तोही वाचला नाही.

बाहेर येतो तर नवरामुलगा अंगठा धरून बसलेला. पळताना दगडाला ठेच लागली होती. आता तुम्हीच सांगा, ट्रेनिंग झाल्यापासून ज्या जखमी माणसाची मी वाट बघत होतो, तो समोर बसलाय. मी सोडतो होय? खोक्याच्या दोन फळ्या आणल्या, सुमनच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत पाय असा आवळला, की त्याला तो वाकवता येईना.

त्याची आई आली, तिनं फळ्या बघितल्या आणि हंबरडा फोडला. "माझ्या लेकराचा पाय मोडला! म्हटलं होतं, एवढ्या लांबची सोयरीक नको!"

गायकवाडांनी माझ्याकडे असं बघितलं, की भूकंप परवडला.

तेवढ्यात शकू पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुलासमोर ठेवला आणि हळूच विचारलं, "फार दुखतंय का?"

"आधी नव्हतं दुखत," तो म्हणाला. "यांनी बांधल्यापासून दुखतंय."

शकू खुदकन हसली. तोही हसला. मी सोडून आजूबाजूचे सगळे हसले.

मुलाचे वडील मात्र इतका वेळ जमिनीवर तळहात टेकवून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "हा आमच्याकडच्यासारखा न्हवं."

"पाहुणे, जागेजागेची जमीन वेगळी असते," मी समजावलं. त्यांच्या गावचं घर कोयनेच्या भूकंपात बसलं होतं, आणि समजावत कोण होतं? मी!

एवढ्यात आमच्याच कंपनीतला शिंदे सायकलवरून घरी चालला होता. गर्दी बघून उतरला. "काय राव, सगळे बाहेर? एवढे हादरे बसतात होय इथपर्यंत?"

"कसले हादरे?" मी विचारलं.

"फोर्जिंगचा नवा हॅमर हो! आज तुमची पाळी सुटल्यावर चालू केला. घण पडला की आमच्या डब्यातली भाजी उडतीय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? सकाळी पूजा नाही का झाली? पेढे वाटले. तुम्ही दोन घेतले की!"

घेतले होते. कशाचे, हे विचारायचं राहिलं होतं.

आणि गर्दीतून सुमनचा आवाज आला, "अहो, आता तरी विजार घाला."

मी खाली बघितलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. एवढा वेळ मी त्या वेषात आदेश देत होतो!

गायकवाडांनी पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफ करा. आमच्या शेजाऱ्यांमुळे तुम्हाला त्रास झाला." हेही स्थळ गेलं, असंच त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, आणि तोंड लपवायला जागा नव्हती.

मुलाचे वडील उठले. धोतर झटकलं. "आमच्या गावात त्या येळंला बाहेर बोलवायला कुणी न्हवतं," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ तसाच गेला, भिंतीखाली. आज हितं म्हातारीला खाटंवर घालून बाहेर आणलं. हसू नका कुणी. ह्यो रूळ काढू नका." मग शकूच्या वडिलांकडे वळले. "आता च्या करा. पोरगी आमाला पसंत हाय. पोराचं त्याला इचारा."

पोराचं काय विचारायचं? तो फळ्या सोडवायला शकूची मदत घेत होता.

आता आजीला परत न्यायला गेलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हितं वारा बरा लागतोय."

लग्न थाटात झालं. रूळ राहिला. हॅमर रोज धडधडायचा आणि हळूहळू सगळ्यांना सवय झाली. मलाही. बत्ता खाली उतरवला, वेलदोडे सुरळीत कुटले जाऊ लागले. मी तर एवढा निर्ढावलो की भांडी वाजली तरी कूस बदलून झोपायचो.

पुढं एका गुरुवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. भांडी वाजली. सुमन ओरडली, "अहो, उठा!"

"हॅमर आहे गं," मी डोळे न उघडता म्हणालो. "चालायचंच."

तिनं मला दोनदा हलवलं, मग नाद सोडला आणि स्वतः जाऊन रूळ बडवला. आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. गुरुवारी हॅमर बंद! हे चाळीतल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं, एक माणूस सोडून.

हादरा लहानसाच होता. चार-सहा कौलं घसरली, एक आमच्या दारात फुटलं, तेव्हा कुठं मी उठून बसलो. चाळ केव्हाच मैदानात पोचली होती. शेगड्या विझलेल्या, पोरं धरलेली, आजीसुद्धा बाहेर. कुणी शिकवलं होतं हे सगळं? मीच की!

गायकवाड माणसं मोजत होते. त्यांचा आवाज मला आतपर्यंत स्पष्ट ऐकू आला. "सगळे आले का? कुणी राहिलं नाही ना?"

आणि सुमन म्हणाली, "नाही, सगळे आलेत. अध्यक्ष तेवढे आत झोपलेत."