कटरे सर पाठमोरे बसतात

एकाच वेडाची तीन माणसं एका गावात भेटली की किस्से घडवावे लागत नाहीत. राइस मिलच्या मागं कोंडा साचतो, तसे ते साचत जातात. आमचं वेड रेकॉर्डचं. त्यातही मिनिटाला तेहतीस फेरे घेणाऱ्या मोठ्या एलपीचं नाही, सिंगलचं. सात इंचांची बारकी रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं, मिनिटाला पंचेचाळीस फेरे आणि तीन मिनिटांत खेळ खलास. जपान, पोलंड, ब्राझील, इटली; कोणती साठच्या दशकातली, कोणती ऐंशीच्या. भाषा एकही कळत नाही. लोक विचारतात, मग ऐकता काय? काय सांगणार त्यांना, कप्पाळ!

तिघांपैकी एक मी. गोंदियात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि माझं डोकं मोटारीच्या आधी तापतं. दुसरे पारसभाऊ, औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना मराठी सगळी कळते, पण बोलतील हिंदीच. जगभरातून पार्सलं मागवायचं काम त्यांच्याकडे. तिसरे कटरे सर. राहणार आमगाव. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं, मी काही शिकलो नाही. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला येतात आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आमची बैठक बसते.

* * *

सरांचं प्रेम कसं, ते सांगतो. एकदा पोलंडचं पार्सल आलं, वीस रेकॉर्ड. सर ते घेऊन आमगावला निघाले, मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला ही गर्दी! खिडकीशी एक जागा मिळाली, तर सरांनी तिथं खोका ठेवला आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. मी खाली प्लॅटफॉर्मवरून बघतोय. एक बाई चिडली, म्हणाली की माणसं उभी आहेत आणि खोका काय बसवला?

सर शांतपणे म्हणाले, "हे पोलंडवरून आले बाई, थकले हायेत. मी त आमगावचाच आहो."

बाई हसली नाही. पण तिनं खोकाही हलवला नाही.

* * *

बैठकीत आमचा एक खेळ असतो. एकानं रेकॉर्ड लावायची, बाकीच्यांनी प्लेअरकडे पाठ करून बसायचं. कव्हर बघायचं नाही, लेबल बघायचं नाही. नुसतं ऐकून देश सांगायचा आणि दशक सांगायचं. मी दहातल्या तीन ओळखतो. पारसभाऊ चार. सर दहाच्या दहा, आणि त्याचा मला फार राग यायचा.

पारसभाऊंनी एकदा सापळा रचला. गाणं इटलीचं, पण रेकॉर्ड जपानमध्ये छापलेली. सर पाठमोरे बसले, डोळे मिटले. गाणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "रेकॉर्ड जपानची." मग गाणं सुरू झालं. म्हणाले, "गाणं इटलीचं. साठचं दशक."

पारसभाऊ बघतच राहिले. गाणं नव्हतंच, तर कळलं कशावरून? सर म्हणाले, सुई टेकल्यावर गाण्याआधी जी खरखर असते, ती जपानवाले जवळजवळ ठेवत नाहीत. म्हणजे या माणसानं शांतता ऐकून देश सांगितला होता.

* * *

आणि अशा माणसानं गेल्या दिवाळीनंतर ब्राझीलची रेकॉर्ड पोलंडची म्हणून सांगितली.

म्हटलं, होतं असं. पुढच्या रविवारी पुन्हा चूक. मग सर म्हणू लागले की अँप्लिफायरमध्ये गडबड आहे, आवाज कमी येतो. मी अँप्लिफायर उघडला, साफ केला, दोन पार्ट बदलले. तरी सर म्हणत, आवाज कमीच. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझी सटकली. ज्यांनी पाढे शिकवले त्या माणसावर मी ओरडलो, "सर, अँप्लिफायर ठणठणीत आहे. तुमचे कान दाखवा कोणाला तरी!"

सर हसले, घड्याळ बघितलं आणि लवकरच्या गाडीनं निघून गेले. मला वाटलं, रागावले. पारसभाऊ मला एवढंच म्हणाले, "आज तू ज़्यादा बोल गया." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

पुढच्या रविवारी सर आले. मला हायसं वाटलं. थंडीचे दिवस, पंखा बंद, खोलीत उन्हाचा उजेड. पारसभाऊंनी रेकॉर्ड लावली, सर पाठमोरे बसले. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, मान डोलायला लागली. बरं चाललं होतं.

आणि लाइट गेली.

प्लेअर मंदावत थांबला. गाणं बंद.

सरांची बोटं गुडघ्यावर चालूच होती. मानही डोलत होती. मी पारसभाऊंकडे बघितलं, पारसभाऊंनी माझ्याकडे. गाणं संपायला हवं त्या अंदाजानं सर थांबले, डोळे उघडले आणि म्हणाले, "वा! इटली."

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा चेहरा बघितला, मग मागं वळून थांबलेली रेकॉर्ड बघितली. मागच्या रविवारची माझी आरडाओरड आठवून मला माझीच लाज वाटली.

* * *

त्या दिवशी सरांनी सगळं सांगितलं. उजवा कान बारा वर्षांपूर्वीच गेला होता. ऑपरेशन केलं, ते फसलं, आणि तो कान कायमचा बंद झाला. घरी बायकोशिवाय, म्हणजे आमच्या काकूंशिवाय, कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे जपानची ती शांतता त्यांनी एकाच कानानं ऐकली होती. आता दुसराही निघाला होता. नागपूरचे डॉक्टर म्हणत होते, तेच ऑपरेशन या कानाचं करू. साधलं तर ऐकू येईल. नाही साधलं तर दोन्हीकडे काळोख. आणि काहीच नाही केलं, तर हळूहळू तिकडेच जायचं आहे.

"आता थोडं तरी येते," सर म्हणाले. "हात लावला न् सारंच गेलं त?"

पारसभाऊंनी रेकॉर्ड काढून कव्हरात घातली.

पुढच्या रविवारी ते दोन डबे घेऊन आले. एक माझ्यासाठी, एक पारसभाऊंसाठी. निवडक सिंगल, एकेक प्लास्टिकमध्ये घातलेली. म्हणाले, ठेवा, तुमच्या कामी येतील. मी डबा उचलला आणि त्यांच्याच पिशवीत परत कोंबला. पारसभाऊंनी त्यांचा डबा हातातही घेतला नाही. म्हणाले, "सर, मेरे यहाँ जगह नहीं है." त्यांच्या दुकानाच्या वर दोन रिकाम्या खोल्या आहेत, हे सरांना पक्कं माहीत होतं.

* * *

सरांना ऑपरेशनला तयार केलं ते काकूंनी. त्या माझ्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. एका रविवारी सरांच्या मागोमाग आल्या, चहा नको म्हणाल्या, स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक. शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही कान द्यावा लागतो. मला म्हणाल्या की सर रेल्वे फाटकाजवळ रूळ ओलांडत होते, गाडीचा भोंगा वाजत होता, आणि एका भाजीवाल्यानं दंडाला धरून ओढलं. सरांनी हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.

मग त्या सरांकडे वळल्या आणि जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढून म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी तुमच्यासंगं हळू बोलली. आता गल्लीले आयकू जाईन असं बोलू का?"

गल्लीला ऐकू गेलंच. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

सरांनी आधी शिंप्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तारीख घ्या."

* * *

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कानातला बोळा काढला तरी लगेच काही कळणार नाही, महिनाभर थांबा. तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. मी दोन मोटारींची तार उलटी गुंडाळली. फोन करून विचारायची हिंमत नव्हती, आणि विचारलं असतं तरी उपयोग नव्हता. ठेका धरून फसवणारा माणूस, तो आमचं मन राखायला काहीही बोलला असता.

म्हणून पारसभाऊंनी ठरवलं की सरांच्या माहितीतली एकही रेकॉर्ड लावायची नाही. पोर्तुगालहून नवं पाकीट आलं होतं, आम्ही ते सीलबंदच आमगावला नेलं. रविवारची सकाळ. सरांच्याच घरी, सरांच्याच प्लेअरवर. सर काही न बोलता उठले, खुर्ची फिरवली आणि पाठमोरे बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक तशीच.

मी पाकीट फाडलं. रेकॉर्ड प्लेअरच्या खुंटीवर बसेना. दोनदा घसरली. शेवटी बसली. खटका दाबला, सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. कसं होतं ते मला विचारू नका. मी ऐकतच नव्हतो. पारसभाऊही ऐकत नव्हते, काकूही नाही. आम्ही तिघंही सरांच्या मानेकडे बघत होतो.

मान हलली नाही. बोटं गुडघ्यावर तशीच. ठेका नाही, काही नाही.

अर्धं मिनिट गेलं. काकूंनी चौकट धरली. पारसभाऊंनी चष्मा काढला आणि पुसत बसले, वर बघेनात. म्हटलं संपलं, आता उचलावी सुई, आणखी किती बघायचं. मी हात पुढं केला.

तेवढ्यात सर, मागं न वळता, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "देश मंग सांगतो. पह्यले मले हे सांग, पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहतीसवर कायले फिरवून राहिला बे?"