सतरा मीटर पन्नास

मारेगावहून मुकुटबनकडे जाताना एका शिक्षण संस्थेचं मैदान लागतं. डोंगरसिंग राठोड ते बावीस वर्षांपासून सांभाळतो. कागदावर तो शिपाई. पण घंटा दुसऱ्यानं वाजवावी, चहा तिसऱ्यानं आणावा, डोंगरसिंगला रोलरपासून हलवायची कोणाची छाती नाही. पाणी मारलेल्या मातीवर बूट घालून आलेल्या मुख्याध्यापकांनाही त्यानं एकदा हात जोडून बाहेर काढलं होतं.

यंदा व्यवसाय शिक्षणाच्या विषयात नववीची सहा मुलं दहा दिवस त्याच्या हाताखाली काम शिकायला आली. प्रत्येकाकडे एक वही. आज काय केलं, कशानं केलं, माप किती, हे लिहायचं आणि खाली डोंगरसिंगची सही घ्यायची. आजवर त्याची सही हजेरीपलीकडे कोणी मागितली नव्हती. गडी फुलून गेला. त्यानं सहीसाठी नवा पेन घेतला आणि तो कानावर खोचून फिरू लागला.

पहिले तीन दिवस त्यानं पोरांचा घाम काढला. खडे वेचून घेतले, पाणी मारून घेतलं. "हाताले माती चिकटली का रोलर नाई फिरवायचा," तो बजावायचा. "पापडावानी उठते सारी." पोरं हसायची, पण चौथ्या दिवशी न सांगता माती दाबून पाहू लागली.

चौथ्या दिवशी धावपट्टी आखायची होती. दोनशे मीटरची फेरी, दोन्ही टोकांना अर्धगोल. अर्धगोलाच्या मधोमध एक लोखंडी खिळा कायमचा पुरलेला. त्यात दोरीचा फास अडकवायचा, दुसऱ्या टोकाला काठी बांधून गोल फिरायचं आणि मागून चुन्याची फक्की सोडत यायचं. या दोरीच्या मधोमध मुठीएवढी गाठ होती.

"पाच वर्सं झाले, रोलरखाली येऊन तुटली," डोंगरसिंग म्हणाला. "मंग मीच बांधली. आमचे जुने लोक बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोन्या घेऊन मुलूख हिंडत. तवाची गाठ हाये ही. बैल बसंन, पन गाठ नाई सुटनार."

गाठीइतकाच अभिमान त्याला आणखी एका गोष्टीचा होता. मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: '८०० मीटर, मुली, सुरभी राठोड, २ मिनिटं ४९ सेकंद.' सुरभी त्याची मुलगी. पोलीस भरतीसाठी ती दोन वर्षं याच मैदानावर पळाली. दोन पन्नासच्या आत आलं की पळण्याचे पूर्ण गुण. आणि तिची वेळ डोंगरसिंग स्वतः मोबाइलवर लावायचा. भरतीच्या दिवशी मात्र तिला दोन एक्कावन्न लागले. पूर्ण गुण हुकले आणि एका गुणानं यादी हुकली. "आखरीच्या फेरीत दम सोडला तू," तो एसटीत म्हणाला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर ती पळाली नाही. लग्न होऊन उमरखेडला गेली, तिथं औषधांच्या दुकानात कामाला लागली. याला आता तीन वर्षं झाली होती.

"काका, दोरीचं माप काय लिहू?" निकितानं विचारलं. ही सहा जणांतली सगळ्यात चौकस पोरगी, आणि पळण्यातही पहिली.

"सतरा मीटर पन्नास. जुन्या पीटीच्या सरानं कागद चिटकवला हाये खोलीत. तोच लिही."

पण निकितानं कागद पाहिला आणि टेपही आणली. दोरी ताणून तिनं दोनदा मोजली. "काका, सतरा वीस भरते."

"टेप झिजली असंन तुमची."

"नवीन हाये. तीस सेंटिमीटर गाठीत गेले."

"वहीत नको लिहू ते," डोंगरसिंग झटक्यात म्हणाला. पोरं दोरी गुंडाळू लागली. फक्त बादल नावाचा मुलगा मोबाइलवर आकडे दाबत बसला होता. त्याचं डोकं गणितात चालायचं, कुठं थांबावं यात नाही.

"दोन अर्धगोल मिळून फेरीत जवळपास दोन मीटर कमी," तो म्हणाला. "आठशेले चार फेऱ्या, म्हंजे साडेसात मीटर."

डोंगरसिंगनं भिंतीकडे पाहिलं. त्यानं निकिताला विचारलं, "साडेसात मीटर पळायले किती टाइम लागते?"

"दमलेल्या मानसाले? दीड-दोन सेकंद."

तो रोलरच्या दांड्यावर बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं दोन वर्षं जीव काढला, आणि बाप रोज तिला खोटी वेळ सांगत राहिला.

मग तो उठला. गाठ सोडायला बसला, ती सुटेना. शेवटी विळ्यानं कापली. नवी दोरी आणवली, ती टेप लावून निकिताकडून मोजून घेतली. बादलीत चुना कालवून भिंतीवरच्या निळ्या ओळीवर फिरवला. मधल्या सुट्टीत त्यानं उमरखेडला फोन लावला. घरी दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत, पण मैदानाचं बोलणं पहिल्यापासून वऱ्हाडीत.

"सुरभी, दोरी कमी होती आपली. फेरीच लहान होती. तुही वेळ चुकीची लावली मी."

दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. तिनं ते दिलं, आणि मग बोलली.

"मी दम नवता सोडला, बापू. हे मले तवाच मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमच्या दोरीपुढं कोन बोलते?"

"चुकलो, बाई," एवढंच तो म्हणाला. आयुष्यात कोणाला तो हे पहिल्यांदाच म्हणत होता. तिनं फोन ठेवला नाही; तोही धरून राहिला. घंटा झाली तेव्हा तीच म्हणाली, "जा आता, पोरं वाट पायत असतीन."

संध्याकाळी सगळ्या वह्या सहीला आल्या. निकितानं आपली सर्वांत शेवटी, भीत भीत पुढं केली. तिनं लिहिलं होतं: 'दोरी तीस सेंटिमीटर कमी होती.' डोंगरसिंगनं कानावरचा पेन काढला. त्या ओळीपुढं सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं, 'पाच वर्षांपासून. गाठ माझी.' आणि खाली सही केली.