ताडकळसच्या बाजारातलं नकली घड्याळ

मामेबहिणीचा, प्रियाचा साखरपुडा ठरला आणि मी लगेच बॅग भरली. पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वे, तिथून पूर्णेकडे जाणारी एसटी. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे खिडकीच्या जागेसाठी पदर खोचूनच चढावं लागतं. ताडकळसला बाजाराच्या दिवशी उतरलात, तर आधी गरम भजी खा. दुपारनंतर इतकी गर्दी होते की कढईपर्यंत हातही पोहोचत नाही.

मी थेट मामांच्या दुकानावर गेले. दुकान म्हणजे ताडपत्रीवर मांडलेली घड्याळं, बड्या विलायती कंपन्यांच्या हुबेहूब नकला. मी शाळेत असताना हीच घड्याळं म्हणजे चेष्टेचा विषय होता. मुलामा उडायचा, घामाने मनगट हिरवं व्हायचं आणि आतल्या छोट्या तबकड्या तर नुसत्या छापलेल्या असायच्या. मग हळूहळू काच सुधारली, काटे सुधारले. या वेळी एक हातात घेतलं, तर चांगलं जड, भरीव स्टील! छोटे काटे खरंच फिरत होते. मामांनी काचेवर किल्ली घासून दाखवली, ओरखडा नाही.

"असली हाय का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"न्हाई, नकली हाय. पन लय दमदार!" मामांनी खणखणीत आवाजात सांगितलं. गिऱ्हाईक घड्याळ ठेवून निघून गेलं.

"मामा, एवढं ओरडून कशाला सांगता?"

"आगं, पूर्वी घड्याळच सांगायचं, मी नकली हाय म्हून. आता ते गप बसायलंय. मग कुनी सांगावं?"

दुसऱ्या दिवशी दारात मांडव पडला. मुलगा बोरीचा, शाळेत शिक्षक. जावयासाठी मामांनी दुकानातलं सगळ्यात देखणं घड्याळ राखून ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, घड्याळ बाहेर आलं. मुलाच्या चुलत्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि हात उंचावून सगळ्यांना दाखवलं. "बघा, पाव्हन्यानं असली दिलंय! शहरातला भारी माल हाय."

मामीने मामांकडे बघून डोळे मोठे केले. मामा गप्प राहिले तर कुणाला कळणार होतं? पण ते गप्प बसणारे नव्हते. प्रियाने मान खाली घातली. जमलेलं लग्न इथंच मोडतंय की काय, असं मला वाटलं.

"नकली हाय, पाव्हनं," मामा म्हणाले, बाजारातल्याच आवाजात. "माझ्या दुकानातलं सगळ्यात चांगलं हाय, पन नकली हाय."

चुलत्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात नवरदेवाने मनगट पुढे केलं.

"मामा, कॉलेजात असताना तुमच्याकडूनच घेतलं होतं मी. तवाबी तुमी नकली म्हूनच दिलतं. हात हिरवा झालता. ह्यानं होईल का?"

"न्हाई होनार. आता माल लय सुधारलाय."

"मग घाला की!"

मांडव हसून लोटपोट झाला, चुलतेसुद्धा हसले. प्रियाने पदराने डोळे पुसले. माझी मान अशी ताठ झाली, की जणू मीच वधूपिता. नंतर भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी अशी पंगत बसली, तेव्हा चुलत्यांनी मामांना आग्रहाने शेजारी बसवलं.

निघताना मामांनी माझ्याही मनगटावर एक घड्याळ बांधलं. पुण्यात पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने माझा हात धरला.

"अगं, खरं आहे हे?"

"नकली आहे," मी म्हटलं, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं.