वानखडे मॅडम आधी विचारायच्या

वर्गात आल्या की वानखडे मॅडम पुस्तक टेबलावर ठेवून पहिल्या बाकाच्या कडेला टेकत आणि म्हणत, "बोला, आज काय समजून घ्याचं हाय?" त्या मंगरूळपीरहून एसटीने यायच्या आणि आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. "ज्याचं पोट दुखते, त्यालेच इचाराव लागते," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

दहावीत प्रजननाचा धडा आला. आधीचे सर तो "घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचे. मॅडमनी मात्र आम्हा मुलींना वेगळं बसवून पाळीची माहिती द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात ज्योती उठली. तिचे आईबाप ऊसतोडीला जात, म्हणून ती मामाकडे राहून शिकत होती.

"मॅडम, हे आमाले ठाऊक हाय. पोरायले सांगा ना. डाग दिसला का हासतात थे. अन् मागं लागलेल्याले नाही कसं म्हनाव, थे पुस्तकात कोठी हाय?"

आता बोलणी बसणार, असं आम्हांला वाटलं. पण मॅडम म्हणाल्या, "खरं हाय तुहं. उद्या सारे एकाच वर्गात बसू."

दुसऱ्या दिवशी मुलं खाली माना घालून बसली होती. शेवटी गणेशने धीर केला. "मॅडम, पिच्चरमधी तं पोरगी आधी नाही म्हनते, अन् मंग हो म्हनते."

मॅडम ज्योतीकडे वळल्या. "तू सांग त्याले."

"नाही म्हंजे नाही," ज्योती म्हणाली. कोणी हसलं नाही.

गावात बोभाटा झाला. ज्योतीचे मामा चार जणांना घेऊन शाळेत आले. "पोरायले हे काय शिकवून राह्यल्या तुमी?"

"बसा भाऊ. आधी आयका, मंग बोला," म्हणत मॅडमनी त्यांना आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं.

ज्योती उभी राहिली. "मामा, शाळेच्या रस्त्यानं एक जन मले रोज अडवते. तुमी शाळा बंद कराल म्हून सांगतलं नाही."

मामा बाकावरून उठले. "शाळा काहून बंद करीन? त्याले पाहतो ना मी," एवढंच म्हणाले. तिला अडवणारा त्या रस्त्यावर पुन्हा दिसला नाही. ज्योती बारावी होऊन आता वाशीमला नर्सिंग शिकते.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांचं भाषण संपलं आणि मामा न बोलावताच उठले.

"माहं पोरगं आता आठवीत हाय," ते रागावल्यासारखे म्हणाले. "त्याले कोन सांगन? तुमी आत्ताच काहून चालल्या?"