कागदानेसुद्धा अडतो

माझं आणि माझ्या थोरल्या वहिनीचं कधीच पटलं नाही. तिला माझं बोलणं खटकतं, मला तिचं न बोलणं. त्यात आम्ही दोघी एकाच कारखान्यात, त्यामुळे घरी अर्धवट राहिलेलं भांडण कामावर पुरं करता येतं. ती आर्गन वेल्डिंग करते आणि मी तिने केलेले जोड घासून चकचकीत करते. दुधाच्या आणि औषधांच्या कारखान्यांना लागणारे स्टेनलेसचे पाइप असतात ते. तिच्या जोडाला मला फारसा हात लावावा लागत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

लग्न होऊन आली तेव्हा ती तिथे झाडू मारायची. वेल्डर जेवायला गेला की त्याचा वेल्डिंगचा टॉर्च उचलून भंगारातल्या तुकड्यांवर हात बसवायची. एकदा पकडली गेली आणि तक्रार माझ्या भावाकडे आली. भाऊ म्हणाला, "हे बाईमाणसाचं काम नाही." वहिनी म्हणाली, "बाईमाणसाचं काम कुठलं, ते ठरवायला तुला कुणी सांगितलं?" भावाने त्या विषयात पुन्हा नाक खुपसलं नाही. टॉर्च तेव्हापासून तिच्या हातात आहे.

या टॉर्चच्या तोंडात टंगस्टनची एक बारीक काडी बसवतात. तिचं टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार लागतं. ते बोथट झालं की विजेची ज्योत भरकटते आणि जोड बिघडतो. म्हणून दिवसातून कितीदा तरी काडी ग्राइंडरच्या चाकावर घासायची, फुंकर मारून धूळ उडवायची आणि हात मोकळा हवा म्हणून काडी दातांत धरायची. आमच्याकडचे सगळे वेल्डर असंच करतात, वहिनीही तसंच करायची. ग्राइंडर कोपऱ्यात आहे, आणि त्याला लागूनच असलेल्या टेबलावर आम्ही डबे उघडायचो.

जोडांच्या आत भेग राहिली आहे का ते पाहायला अधूनमधून एक्स-रेवाला येतो. किरणं मोजायचं यंत्र त्याच्याजवळ कायम असतं. त्या दिवशी त्याने ते सहज ग्राइंडरपाशी ठेवलं आणि ते कटकट करायला लागलं. तो दचकला. आधी त्याने स्वतःची एक्स-रेची पेटी तपासली, ती बंद होती. मग यंत्र काड्यांच्या डब्यावर धरलं, तशी कटकट वाढली.

"लाल टोकाच्या काड्या," तो म्हणाला. "यांत थोरियम असतं. त्यातून तीन जातींची किरणं निघतात."

आम्ही सगळे भोवती गोळा झालो. त्याने काड्यांवर एक साधा कागद धरला. कटकट थोडी कमी झाली. "कागदाने अडला तो अल्फा. अंगाने दांडगा, पण दोन पावलांत दमणारा. वाटेत भेटेल त्याला धक्के मारतो आणि तिथेच त्याचा जोर संपतो." मग त्याने माझ्या बाकावरचा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा मधे धरला. यंत्र जवळजवळ गप्प झालं. "हा अडला तो बीटा. काटकुळा असतो, त्यामुळे कागदातून सटकतो. इकडेतिकडे आपटत, वळत बराच लांब जातो, पण पत्र्यात त्याचाही दम निघतो. आता जी एखादी कट ऐकू येते ती गॅमाची, तिची एवढी काळजी नको."

मालक दारात उभं राहून ऐकत होता. त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे कागदानेसुद्धा अडतो!"

"बाहेरून, हो," एक्स-रेवाला म्हणाला. "आपल्या कातडीवरचा मेलेला थरसुद्धा त्याला पुरतो. पण घासताना उडालेली धूळ श्वासाबरोबर आत गेली, तर फुफ्फुसात असला मेलेला थर नसतो. तिथे सगळं जिवंत. सगळे धक्के तिथेच बसतात. धूळ ओढणारा पंखा बसवा, नाहीतर बिनथोरियमच्या काड्या आणा."

मालकाने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. सोयीचं तेवढंच ऐकायची कला त्याच्या अंगात भिनलेली आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काड्या बदला म्हणाली. जुना साठा संपू दे, मग बघू, असं उत्तर आलं. मग पंखा तरी बसवा म्हणाली.

"अहो बाई, जो कागदानेसुद्धा अडतो त्याला काय घाबरता?"

"मग मी काडी घासणार नाही."

"मग एप्रन काढून ठेवा आणि घरी जा."

"घरी जाणार नाही आणि घासणारही नाही," वहिनी म्हणाली. "टोक आहे तोवर जोड करीन. नंतर बाकावर बसून राहीन."

आमचं घर निम्मं तिच्या पगारावर चालतं. संध्याकाळी मी तिला फैलावर घेतलं, "कशाला मालकाच्या तोंडी लागतेस? काम गेलं तर?"

ती भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या टेबलावर तू जेवतेस."

मला रागही आला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी मी माझा डबा उचलून फाटकापाशी उन्हात जाऊन बसले. हळूहळू बाकीचेही तिथेच जेवायला आले.

वहिनीच्या काड्या बोथट झाल्या. इतर वेल्डरांच्याही झाल्या, पण ग्राइंडरकडे कुणी फिरकेना. पाइप तसेच पडून राहिले. ज्यांना माल हवा होता त्यांचे फोन सुरू झाले, आणि एका सकाळी मालकाचा पारा चढला. तो ओरडतच आत आला.

"द्या इकडे ती काडी! एवढा बाऊ कशाचा करताय? मी घासून दाखवतो!"

त्याने ग्राइंडर चालू केला, काडी हातात घेतली, चाकापाशी वाकला. आम्ही सगळे बघत होतो. तेवढ्यात त्याचा हात खिशाकडे गेला. त्याने रुमाल काढला, घडी घातली, नाकातोंडावर धरला आणि मागे गाठ मारली. हाताला सवय असावी इतक्या सहज.

वहिनी बाकावरून उठली. पाइप गुंडाळायच्या कागदाचा एक तुकडा तिने टरकन फाडला आणि मालकापुढे धरला.

"रुमाल कशाला, मालक? हा घ्या कागद. कागदानेसुद्धा अडतो."

चाक फिरत होतं. मालक रुमालाआडून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," वहिनी म्हणाली.

"पंखा मागवतो म्हटलं."

"तो बसेपर्यंत हे बंद," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरून हात लांबवून तिनेच ग्राइंडरचं बटण दाबलं.